पाचव्या पानावरचा ठेचा

धम्मशीला कुणाचं वाईट चिंतणारी नव्हती. पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दीपमालाच्या बारा मार्कांवर ती जी जळली, त्याला तोड नाही. स्वतःला अठरा असताना!

पिंपळगाव राजाहून रोज एसटीनं खामगावच्या कॉलेजात जाणारी ही पोर. भूगोलाच्या असाइनमेंटला वीसपैकी अठरा तिचे ठरलेले. आई तानाबाई, शाळेची पायरी न चढलेली, वावरात निंदता निंदता बायांना ते अठरा ऐकवून दमत नसे. लेकही खूश होती, शेजारच्या बाकावरच्या दीपमालाचे कागद बघेपर्यंत. पानापानावर लाल शाई! ‘हा आकडा कुठून आणला?’ ‘वाक्य छान, पण पुरावा?’ शेवटी अर्धं पान भरून सल्ला. धम्मशीलाच्या कागदांवर वर सही, खाली अठरा. मधल्या पानांना सरांचा पेन शिवलेलाही नव्हता.

तिच्या पोटात दुखायला लागलं. दीपमालाशी ती धड बोलेना. सर हिचंच का वाचतात? मग माझे अठरा कशाचे? तिला पुढे एम.ए. करायचं होतं, आणि आपल्याला खरंच काही येतं का, हे सांगणारं दुसरं कुणी तिच्याजवळ नव्हतं.

पुढची असाइनमेंट पैनगंगेच्या खोऱ्यावर होती. पाचव्या पानावर गाळाच्या मातीखाली तिनं सरळ ठेच्याची कृती लिहून टाकली. मिरच्या तव्यावर भाजाव्यात, लसूण सढळ घालावा, मिक्सर वापरू नये. आता सर सगळ्यांसमोर झापतील. झापू देत.

कागद परत आले. अठरा. दीपमालाला तेरा, आणि तिच्या एका चुकलेल्या वेलांटीभोवतीसुद्धा लाल गोल. तो गोल पाहून धम्मशीलाचा असा तिळपापड झाला, की ती तडक सरांसमोर जाऊन उभी राहिली.

“सर, माह्यं पाचवं पान पाह्यलं का?”

सर कौतुकानं हसले. “तुझं काय पाहायचं? तुझं चांगलंच असतं.”

घरी येऊन तिनं कागद खाटेवर भिरकावले.

“किती भेटले?” तानाबाईनं विचारलं.

“अठरा.”

“मंग तोंड काऊन पाडलं? वाच बरं, अठराचं असते तरी काय.”

धम्मशीला रागारागानं वाचत सुटली. नदी, गाळ, माती, मिरच्या, लसूण.

“थांब वं,” तानाबाई म्हणाली. “मीठ कुठी हाये त्यात?”

धम्मशीलाला रडू फुटलं. डोळे पुसत तिनं लाल पेन शोधला आणि पाचव्या पानावर मीठ लिहिलं.