नास्तिक डॉक्टरांचा नमस्कार

सीन वाचून काकांनी कागद मांडीवर ठेवले आणि मेकअपच्या आरशाकडे बघत बसले. बाहेर लाइट लागून तयार होते. असिस्टंट डायरेक्टर हाक मारून गेला. काका हलले नाहीत.

मी तेव्हा नाशिकजवळ शूट होणाऱ्या एका दैवी मालिकेचे संवाद लिहीत होते. गावदेवी, शाप, विहिरीतला आत्मा, सगळं होतं. त्या गावात यातलं काही न मानणारा एकच माणूस, डॉक्टर. ती भूमिका काकांची.

सगळं युनिट त्यांना काकाच म्हणायचं. पंचवटीतले, नाटकातून आलेले जुने नट आणि पक्के भाविक. रामाचं दर्शन घेतल्याशिवाय सेटवर यायचे नाहीत. सेटवरची देवी फायबरची, तरी शॉटआधी तिच्या पाया पडायचे आणि मग कॅमेऱ्यासमोर तिला दगड म्हणायचे. मला मात्र सांगायचे, डॉक्टरला मूर्ख करू नकोस, त्याचे मुद्दे खरे वाटले पाहिजेत.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. आजार फार लांबला होता. काकांनी उपास केले, वणीच्या देवीला चालत जाऊन आले. दिवसकार्य आटोपून ते कामावर आले आणि देवीकडे न बघता सरळ आपल्या जागी जाऊन उभे राहिले. सगळ्या युनिटने पाहिलं.

नेमका तेव्हाच चॅनेलकडून नवा ट्रॅक आला. ट्रॅक म्हणजे मालिकेत काही आठवडे चालणारं उपकथानक. डॉक्टरची बायको मरणाला टेकते, औषधं थकतात, डॉक्टर रडत देवीपुढे हात जोडतो आणि ती बरी होते.

मी चॅनेलच्या नेहाला फोन केला. काकूंचं सांगितलं. डॉक्टर देवळाच्या पायरीवरून परत फिरला तर चालेल का, असंही विचारून पाहिलं. तिला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण प्रोमो सुरू झाले होते.

"नास्तिक शेवटी वाकला पाहिजे गं," ती म्हणाली. "लोक त्यासाठीच थांबलेत."

म्हणून त्या दिवशी सीन घेऊन मीच मेकअप रूममध्ये गेले होते. काकांना म्हटलं, नको असेल तर तब्येतीचं कारण सांगून शूट पुढे ढकलते.

"ही वाचते का शेवटी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग लावा शॉट. हिला तरी वाचू दे."

पहिल्या टेकला शब्द सगळे आले, डोळे कोरडे. दिग्दर्शकाला अश्रू हवे होते. काकांनी आयुष्यात कधी ग्लिसरीन लावलं नव्हतं, त्याचा त्यांना अभिमान होता. त्या दिवशी मागून घेतलं. दुसरा टेक ओके झाला. युनिटने टाळ्या वाजवल्या. काका तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. मी उठवायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "कुणी नाही गं तिथं. मी बघितलं."

एपिसोड गाजला. देवीने तुमचं ऐकलं, म्हणून लोकांचे काकांना फोन येत राहिले. काकांनी फोन घेणं सोडलं, मग मालिका सोडली. आम्ही डॉक्टरला परदेशी पाठवलं. नंतर एकदा मी पंचवटीत त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, कामाचा विषय काढला नाही. देव्हारा धाकट्या भावाकडे पोहोचवला होता.

काही दिवसांनी चॅनेलने नवा नास्तिक मागितला. तरुण हवा, वकील चालेल. मी लिहून दिला. आमच्या धंद्यात नास्तिकाचा आस्तिक एका एपिसोडमध्ये होतो. उलट्या वाटेचा सीन माझ्याकडे अजून कुणी मागितलेला नाही.