फोटोत नाही, म्हणजे नाहीच!

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मी जयपूरला पीएचडी करते. विश्व अगदी लहान होतं तेव्हाच्या, धुळीआड दडलेल्या आकाशगंगा शोधणं हे माझं काम. धूळ ताऱ्यांचा उजेड गिळून टाकते, त्यामुळे साध्या फोटोत तिथे नुसता काळोख असतो. रेडिओ दुर्बिणीत मात्र ठिपका चमकतो.

गेल्या वर्षी मला असा एक ठिपका सापडला. गाईड म्हणाले, "बेटा, फोटो में तो कुछ है ही नहीं. नॉइज़ है, हटा दो."

अहो, फोटोत दिसत नाहीत म्हणूनच तर शोधतोय ना आपण! ही नुसती यंत्राची खरखर नाही, असं परोपरीने समजावलं. शेवटी त्यांनी तो ठिपका माझ्या यादीतून काढायलाच लावला.

आज सकाळी जगतपुऱ्याहून ऑटोने येताना मोबाईलवर परदेशातल्या एका टीमचा पेपर वाचला. तोच ठिपका. आकाशगंगाच निघाली.

दुपारच्या मीटिंगमध्ये याच गाईड सरांनी तोच पेपर पडद्यावर लावला, तोंडभर कौतुक केलं. मग सगळ्यांसमोर मलाच विचारलं, "ऐसी चीज़ें हमें क्यों नहीं मिलतीं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? थीसिसवर सही त्यांचीच लागते, हे लक्षात ठेवून सांगा.