गप्पीचं बाळंतपण

पिंपळीपासून कन्हेरीपर्यंत जेवढी माणसं रडत रडत जगात आली, त्या सगळ्यांना पहिली चापट माझ्या आत्यानं मारली होती. आत्या सुईण. नवरा गेल्यावर ती पिंपळीला आमच्या घरी परत आली आणि त्या एका चापटीच्या जोरावर तिनं सगळ्या मुलखावर राज्य केलं. तिला माणसांची नावं आठवायची नाहीत, जन्म आठवायचे. बारामतीच्या बाजारात एखादा पिळदार मिशांचा भाजीवाला दिसला की लांबूनच ओरडायची, "आरं ए पायाळू! आईला दोन दिस दमिवलंस, आन् आता मला शिळी वांगी देतुस व्हय?" मिशा खाली यायच्या, वांगी बदलून मिळायची. तलाठ्यासमोर गाव चळाचळा कापायचं. आत्या त्याला म्हणायची, "बस की रावसायेब. गळ्यात नाळ घिऊन काळानिळा आलतास. तवा न्हवता येवडा ताठा." मी तिची नक्कल इतकी हुबेहूब करायचो की एकदा गोठ्यात "दम धर गं, घाई त्येला हाय, तुला न्हाय" असं म्हणालो, तर आमची गाभण म्हैस खाली बसली.

तीस सालानंतरचे दिवस. पाटाच्या पाण्यानं उसाबरोबर डासही भरपूर पिकवले होते आणि घरटी एक माणूस हिवतापानं कुडकुडत होतं. मी मॅट्रिक नापास होऊन घरी बसलेलो. एक दिवस हिवतापाचं काम बघणारा माणूस सायकलवरनं आला. त्याच्याकडं काचेची बरणी, आत बोटाच्या पेराएवढे मासे. हे डासांच्या अळ्या खातात, विहिरीत सोडायचे, म्हणाला. पण आमच्या विहिरीचा गाळ काढणं चाललं होतं, म्हणून बरणी पाच दिवस आत्याच्या ताब्यात आली.

"काय म्हंत्यात ह्यास्नी?" आत्यानं विचारलं.

"गप्पी."

"आन् त्वांडातनं शबूद न्हाय मेल्यांच्या!"

दुसऱ्या दिवशी एका माशाकडं बघून ती म्हणाली, "ही पोटुशी हाय. आज मोकळी हुनार."

मी शिकलेला माणूस. म्हणालो, "आत्या, मासं अंडी घालत्यात. पुस्तकात हाय."

"तुज्या पुस्तकाला कवा कळा आल्यात्या का?"

तिनं त्या एकटीला घंगाळात घेतलं. पाण्याबरोबर शेवाळाचा एक झुपका आत आला. दुपारी माशाच्या पोटातून डोळे असलेलं एक टिंब बाहेर पडलं, उलगडलं आणि चक्क पोहत सुटलं. मग दुसरं. मग धरबंधच राहिला नाही. चापट मारायला हाताशी कुणी सापडेना, म्हणून ती माझ्या पाठीत बसली.

आता बाळंतीण म्हटल्यावर नेम आलेच. खोलीचं दार लावलं, घंगाळावर धुतलेलं लुगडं पसरलं, आई-पोरं एकत्र. आणि चाळीस वर्षांचा तिचा सगळ्यात कडक नेम: तीन दिवस बाळंतिणीच्या पोटात कोमट पाण्यापलीकडं काही जाता कामा नये. "खाल्लं की वात हुतो." मी डबक्यातनं अळ्या आणल्या होत्या, त्या तिनं उंबऱ्यावरनंच परत पाठवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी लुगडं उचललं, तर घंगाळात आई आणि दोनच पिल्लं. आत्यानं आधी मांजरावर आळ घेतला, मग माझ्यावर. तेवढ्यात त्या दोघांतलं एक पिल्लू शेवाळातनं बाहेर आलं. आईनं तोंड उघडलं, मिटलं, पिल्लू गडप. आत्या घंगाळाशीच खाली बसली.

आणि नेमका त्याच वेळी कन्हेरीचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन दारात. बायको अडली होती.

"दुसरी कोन तर बग बाबा," आत्या म्हणाली. "माज्या हाताला आता येस न्हाय."

असं तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्याला तर रडूच फुटलं. "आत्याबाई, तुमी न्हाय म्हनल्यावर मी कुटं जाऊ? कालधरनं कळा देतीय. पोटात अन्नाचा कन न्हाय."

"काय म्हनलास?"

"उपाशी हाय म्हनलं."

आत्यानं घंगाळाकडं बोट केलं. "ही बी उपाशीच हाय. म्याच ठिवली." मग ताडकन उठली. "आरं नापास, त्या अळ्या आन! वैनी, भात हाय का? वर तूप घाल."

भाताची गाठोडी मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. मुलगी झाली, धडधाकट. चापट मारून झाली तशी आत्यानं स्वतःच्या हातानं बाळंतिणीला भात भरवला. सासू आडवी आली. आत्या म्हणाली, "तू गप बस. तुला बी म्याच उपाशी ठिवलं हुतं, म्हनून आजून चावत हिंडतीस."

पाचव्या दिवशी सायकलवाला आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "पोट भरलेलं असलं तरी गप्पी पिल्लं गिळतेच. शेवाळाचा आडोसा होता म्हणून एक वाचलं." मी आत्याकडं बघितलं. ती दारातनं जाणाऱ्या एका पोटुशीला दम देत होती, "बाळंत झाल्या झाल्या जेवायचं, सासू काय बी म्हनू दे." मी तिला शेवाळाचं काही सांगितलं नाही. पुढंही कधी नाही.

त्या संध्याकाळी आई भाकऱ्या करत होती. आत्या चुलीपाशी येऊन टेकली. मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "वैनी, ह्येच्या येळंला तुला भूक लागली हुती का गं?"

आई भाकरी थापता थापता थांबली. "लई, वन्सं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाय."

साऱ्या मुलखाला गप्प करणारी आत्या पुढं सरकली. तिनं गरम भाकरी मोडली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आईला हाताला धरून चुलीपुढनं उठवलं आणि पुढची भाकरी स्वतः थापायला बसली.