कौसरच्या सतरंजीवरच्या बायका

सिडकोतून निघालेली आमची रिक्षा टँकरच्या रांगेमागे अडकली. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. एका बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे वर चढत होते, दुसऱ्या बाजूला माणसं घागरी घेऊन उभी होती. कौसर आणि मी कॉलेजतर्फे कारागृहातल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायला निघालो होतो. मी आठवडाभर खपून तक्ते रंगवले होते. कौसर रिकाम्या हातांनी आली होती.

दारावर झडती झाली. तक्त्यांच्या टाचण्या काढून घेतल्या, त्यामुळे आत गेल्यावर ते भिंतीवर टिकेनात. कैद्यांच्या बराकीसमोर कडुलिंबाखाली दोन सतरंज्या होत्या. थोड्याच वेळात माझ्या सतरंजीवर एकट्या दगडाबाई उरल्या. बाकी सगळ्या कौसरकडे सरकल्या.

कौसर मूळची पिशोर गावची. "लई ऊन लागतंय ना मावशी, इकडं सरका," एवढंच ती म्हणायची आणि बायका खुलायच्या. यात खुलण्यासारखं काय होतं, मला कळत नसे. पुढे रोज तेच. कुणी कॅन्टीनमधला बिस्किटपुडा फोडला की पहिलं बिस्किट कौसरला. मलाही मिळायचं, पण मागाहून.

मी सगळा जोर दगडाबाईंवर लावला. त्यांना कमी दिसायचं, म्हणून वीतभर अक्षरं काढून दिली, हात धरून गिरवून घेतली. शेवटच्या दिवशी त्या अचानक उठल्या, कोपऱ्यातल्या टाकीपुढे उभ्या राहिल्या आणि टाकीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागल्या, "पि... ण्या... चे... पा... णी."

मी पुढे धावले. दगडाबाई माझ्या शेजारून गेल्या आणि कौसरच्या गळ्यात पडल्या.

"पोरी, म्या वाचलं!"

"मला काय सांगता मावशी? तिनं शिकवलं तुम्हाला."

"व्हय, तिनंच शिकवलं," डोळे पुसत दगडाबाई म्हणाल्या. "पर तुला सांगावं वाटलं."

परतताना कौसरनं गरम भजी घेतली. मी हात लावला नाही. शेवटी न राहवून विचारलं, "तू त्यांच्याशी बोलायचीस तरी काय गं?"

"काय नाय. गावाकडं हिरीला पाणी हाय का, लेकरं कोणापाशी हायत, असंच."

मला दगडाबाईंचं गावसुद्धा ठाऊक नव्हतं.

घरी आईनं विचारलं, "कसं झालं?" मी "छान" म्हणून आत गेले. हेवा तसाच जळत होता. कुणाजवळ तरी तो बोलून टाकावा असं फार वाटलं, आणि डोळ्यांपुढे एकच माणूस आलं. कौसर.