बाळे तगो

पद्माकरला कारखान्यात सगळे ‘कशावरून’ म्हणत. बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात तयार भाग तपासून पास करणं हे त्याचं काम, आणि ती खोड घरापर्यंत आलेली. अमक्या बुवानं पाण्यावर दिवा पेटवला असं कुणी म्हणायचा अवकाश, याचं ठरलेलं, “कशावरून? सांगणाऱ्यानं दाखवावं. मी कशाला खोटं पाडत बसू?” म्हणणं चोख होतं. माणूसही चांगला होता. फक्त आपण कधी चुकत नाही असं त्याला वाटे.

एकसष्ट साली साताऱ्याहून त्याच्या आई, सकवारबाई, मुक्कामाला आल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही सून प्रमोदिनीची कूस उजवली नव्हती, हा त्यांना घोर. शेजारच्या गंगव्वा अक्कांनी बनशंकरीकडच्या एका स्वामींचं नाव सुचवलं आणि सासूबाई सुनेला घेऊन गेल्या.

परतल्या त्या हरखूनच. “पद्मा, स्वामींनी हिच्या ओटीत केळं घातलं, आणि चक्क मराठीत बोलले रे! ‘बाळ तगो, अम्मा’ म्हणाले!”

पद्माकरला हसू आवरेना. “अगं, ते कानडी! बाळे म्हणजे केळं, तगो म्हणजे घे. केळं घे बाई, एवढंच म्हणाले ते.”

सकवारबाईंचा चेहरा पडला. जेवायला बसल्यावर त्या पुटपुटल्या, “मग हिच्यातच दोष, दुसरं काय.” पद्माकर भात कालवत राहिला.

आमटी वाढणाऱ्या प्रमोदिनीनं पळी खाली ठेवली.

“दोष माझ्यात, हे कशावरून?” तिनं नवऱ्याला विचारलं. “डॉक्टरीणबाईंनी मला कधीच तपासलंय. तुझ्यात काही नाही, नवऱ्याला घेऊन ये म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, मला काय धाड भरलीय? तेव्हा तुमचं ‘कशावरून’ कुठं गेलं होतं?”

पद्माकरनं हातातला घास ताटात परत ठेवला. साऱ्या जगाकडे पुरावा मागणाऱ्यानं बायकोवरचा आरोप मात्र न तपासताच पास केला होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात तो कुणाला न सांगता इस्पितळात गेला. निकाल सांगताना डॉक्टरांचा आवाज खाली आला. पद्माकरनं पुन्हा तपासायला लावलं. निकाल तोच निघाला.

घरी आला तेव्हा सकवारबाई बाहेर निघायच्या तयारीत होत्या. सुनेला आणखी एका बुवाकडे न्यायचं होतं. प्रमोदिनी निमूटपणे चपला घालत होती.

“आई, तिला कुठं नेऊ नकोस,” पद्माकर दारातच म्हणाला. “मूल होत नाही ते माझ्यामुळं.”

“काहीतरीच बोलू नकोस! कशावरून?”

“मी तपासून घेतलंय, आई.”

सकवारबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. प्रमोदिनीनं पायातली चप्पल काढली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सासूदेखत मोठ्यानं रडली.