बाटली वाचणारे मामा

माझ्या मामेसासऱ्यांनी जन्मात दारूचा थेंब चाखला नाही, पण त्यांच्याइतक्या व्हिस्कीच्या बाटल्या अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात कुणी वाचल्या नसतील. हो, वाचल्याच! एक्साइजच्या कचेरीत त्यांनी कारकुनी केली. निवृत्त झाले ते फक्त खुर्चीतून. गावात कुणाच्याही लग्नाच्या आदल्या रात्री मांडवामागे चार पाहुणे ग्लास घेऊन बसले की मामा चष्मा पुसत हजर. "परवाना आहे ना? बसा, बसा, सावकाश होऊ दे." पाहुण्यांची तिथल्या तिथे उतरायची. लेबलाबद्दल तर त्यांची मतं फार कडक. "धान्याची असेल तर धान्य म्हणा, मळीची असेल तर मळी म्हणा. बाटलीनं आपलं कूळ लपवू नये!"

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी, मूर्खासारखा, गोव्याहून एक बाटली नेली होती. त्यांनी ती अंगणातच वाचली. "फक्त गोव्यात विक्रीसाठी. जावईबापू, तुम्ही आत या. ही येणार नाही." मग शेजारचे दोन पंच बोलावून रीतसर पंचनामा केला आणि माझ्या डोळ्यांदेखत अख्खी बाटली माडाच्या मुळाशी ओतली. काय वाटलं असेल मला! पुढे तो माड वाकडा वाढला, तर मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघा, गोव्याकडेच झुकलाय."

पण खरी मौज राखणीला. आंब्याच्या कलमांना मोहोर आला की बागेच्या राखणदाराला, म्हणजे बाग सांभाळणाऱ्या अदृश्य देवाला, कोंबडा आणि दारू द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. बाकीचे गावठी देतात. मामांनी त्यासाठी स्वतःच्या नावावर आजीव परवाना काढला होता. दुकानातून सीलबंद व्हिस्की आणायची, पावतीसकट. "राखणदाराचं वय पंचविशीच्या पुढे आहे ना?" मी एकदा चेष्टेनं विचारलं. "चौकशी केली आहे," ते गंभीरपणे म्हणाले. आणि पिणाऱ्याला काय पितोय ते कळलं पाहिजे, हा कायदा. म्हणून देवाला घालायच्या गाऱ्हाण्यात ते अख्खं लेबल वाचायचे. "बा राखणदारा, बॅच नंबर अमुक, अल्कोहोल बेचाळीस पूर्णांक आठ टक्के..." जमलेले भाऊबंद ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" "मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे!" "व्हय म्हाराजा!"

एका वर्षी मामांच्या हृदयानं संप पुकारला. बाग वर सड्यावर, कातळाच्या पठारावर; डॉक्टरांनी तिथे चढायला बंदी घातली. त्यात राखणीच्याच दिवशी मतमोजणी, म्हणजे ड्राय डे. थोरले भाऊबंद म्हणाले, "गावठी आनू. देवाला काय कलतंय?"

मामा अंथरुणात उठून बसले. "त्याला कळतं. चाळीस वर्षं वाचून दाखवलंय मी." औषधाला तोंड लावेनात. मामी रडकुंडीला आल्या. शेवटी राखण दोन दिवस पुढे ढकलली, तेव्हा कुठे गोळी घेतली. मग माझा हात धरून म्हणाले, "माझा परवाना माझ्याबरोबर संपणार. पोरं मुंबईला, ती हसतात. जावईबापू, तुम्ही काढाल का हो?" मी आजवर बिनपरवान्याचाच प्यायलेला माणूस. पण दुसऱ्याच दिवशी काढला.

सड्यावर नशिबानं रेंज होती. मामींनी घरी मामांच्या कानाला फोन लावून धरला. एका हातात माझा फोन, दुसऱ्यात बाटली. मी लाजत लाजत वाचायला लागलो. भाऊबंद आधी हसले, मग साथ देऊ लागले. 'आरोग्यास हानिकारक'पाशी आलो, मामांचं अंथरूण आठवलं आणि मी वाचायचा थांबलो. तेवढ्यात फोनमधून क्षीण आवाज आला, "वाचा, वाचा. अर्धं लेबल चालत नाही."

मी वाचलं. या वेळी सगळ्यांच्या आधी मामाच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मोहोर टिकला, आंबा आला. मामा तेवढे थांबले नाहीत. त्यांचा चष्मा मामींनी मला दिला. तो माझ्या नंबराचा नाही, पण राखणीला लावतो. परवाना खिशात असतो. खरं सांगू, आता प्यावीशीच वाटत नाही. मीही नुसती वाचतो.