पोर्चचा खचलेला खांब

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला व्हिक्टोरियन काळातली एक इमारत मोजून तिचे नकाशे काढायचे होते. वर्गातले सगळे फोर्टात गेले. मी निवडला अंधेरीतला एक बंगला. मावशी त्याच गल्लीत राहायची, त्यामुळे घाटकोपरहून तिच्याकडे गेले की तो दिसायचाच.

"अंधेरीत कसलं आलंय व्हिक्टोरियन?" सर म्हणाले.

"टोकदार गॉथिक कमानी आहेत, पोर्चला ओतीव लोखंडाचे खांब आहेत, छपराच्या कडेला लाकडी जाळीची झालर आहे. अजून काय हवं, सर?"

"बरं, काढ. पण मी बघायला येणार."

बंगल्यात एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या, मी त्यांना आंटी म्हणायचे. त्यांच्या आजोबांनी तो बांधला होता. कमानी चर्चवरून, झालर रेल्वे स्टेशनवरून, खोल पडवी आपल्या गावाकडची. जे डोळ्यांत भरलं ते त्यांनी उचललं होतं. पुस्तकांत याला भेसळ म्हणत. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्या काळी मोठमोठे साहेब आर्किटेक्टही हेच करत होते, फक्त जास्त दगड वापरून.

मी टेप घेऊन कामाला लागले, तेव्हा आंटींचा भाचा आला. पोर्चचा एक कोपरा खाली झुकला होता. "लाकूड सडलंय. सगळं पाडून स्लॅब टाकू," तो म्हणाला. आंटी नुसत्या झालरीकडे बघत राहिल्या.

मला राग आला. मी शिडी लावून वर चढले आणि तुळईत जागोजागी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. सागवान होतं, कुठेच रुतला नाही. मग चारही खांब मोजले, उंची सारखीच. शेवटी पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून जमिनीची पातळी पाहिली, आणि उलगडा झाला. कोपऱ्यातला खांबच खाली गेला होता. पन्हाळीचा पाइप तिथेच फुटलेला, पावसाचं पाणी वर्षानुवर्षं नेमकं त्याच्या पायात मुरत होतं.

"लाकडाला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "पाया खचलाय. खांब उचलून खाली नवा पाया भरला की झालं."

भाचा हसला. "तू अजून शिकतेयस ना गं? अंगावर पडलं तर?"

"उद्या माझे सर येतायत. त्यांना विचारा."

सर आले. पोर्चखाली वाकून त्यांनी सगळं स्वतः मोजलं. माझं बरोबर आहे याची खात्री होती, तरी मी मनातल्या मनात आकडे पुन्हा पडताळत होते. ते उठले, गुडघे झटकले आणि भाच्याला म्हणाले, "ही सांगतेय तसंच करा. आधी तो पाइप बदला."

पुढच्या रविवारी गवंडी आला. छपराला लाकडी टेकू देऊन गॅरेजमधून आणलेल्या लॉरीच्या जॅकने आम्ही तुळई उचलू लागलो. सर स्वतः हजर होते. मध्येच कडकन आवाज झाला. भाचा ओरडला, "वाट लागली!" मी वर पाहिलं. एक जुना खिळा निघाला होता, इतकंच.

"चालू दे," मी गवंड्याला म्हटलं.

खांबाखाली नवा दगडी पाया भरून तो परत उभा केला आणि संध्याकाळी नळी पुन्हा धरली. चारही कोपरे एका पातळीत होते. एवढ्यात आंटींनी आतून हाक मारली. पुढच्या दाराची खालची कडी, जी त्यांना कित्येक वर्षं लावता येत नव्हती, ती एका हाताने बसली होती; झुकलेल्या पोर्चने दाराची चौकट ओढली होती, ती आता सरळ झाली होती. त्या ती उघडत होत्या, लावत होत्या, परत उघडत होत्या. भाचाही येऊन लावून गेला. "झकास," एवढंच म्हणाला.

नकाशे मी त्याच महिन्यात पूर्ण केले, प्रत्येक जाळीच्या फुलासकट. सरांनी ते पुढच्या वर्गासाठी भिंतीवर लावले. आणि आंटींच्या शेजाऱ्यांनी आपला जिना बघायला मला बोलावलं. डिग्री हातात यायला अजून अवकाश होता, पण माझा धंदा तिथे सुरू झाला होता.